सांताच्या मागं दोन पावलं

पुढं चोपडे मास्तर, कापसाची दाढी, लाल झगा,
हातात पितळी घंटा.
दोन पावलं मागं मी.

मला घंटा नाही. माझी वहाण बोलते.
कापशीची, तळात बिया भरून शिवलेली.
करकर ऐकली की नव्या शाहूपुरीतली पोरं
आधी आईच्या मागं, मग पलंगाखाली.

हे सोंग आमचं नव्हे.
उद्यमनगरात भट्टी बसवायला एक जर्मन साहेब आलेला,
त्याच्या बायकोनं सांगितलं, चर्चच्या अंगणात, मोडक्या हिंदीत:
आमच्याकडं देणारा एकटा हिंडत नाही.
त्याच्या मागं कुणीतरी असतं.
कुठं शिंगांचं, साखळ्या ओढणारं, लांब लाल जिभेचं,
कुठं एक म्हातारी, आळशी पोरींचं पोट फाडून
आत पेंढा भरणारी,
कुठं नुसताच काजळीनं माखलेला गडी,
राखेची पिशवी, हातात छड्या.
गड्याचं नाव तिनं दोनदा सांगितलं: रुप्रेष्ट.
पोरांनी पहिल्याच नाताळात त्याचा रूपचंद केला.

पाळकबाबा कुरकुरले. मग माझ्याकडं बघून म्हणाले,
"शिलासला तोंड तरी रंगवायला नको."
खरंच होतं. मोल्डिंगची काळी रेती
बावीस वर्षं कानांत आहे,
साबणाला ती ओळख दाखवत नाही.

कमरेला बैलाची घुंगरमाळ, ऊसगाडीची साखळी,
हातात उसाचं वाडं,
खांद्यावर पेंडीचं पोतं, आत पाचट कोंबलेलं,
पोर असल्यासारखं दिसावं म्हणून.

मास्तर दारात शिरायच्या आधी आया मला गाठतात,
जिन्याखाली, हळू आवाजात.
आमचा रूबेन दूध कुंडीत ओततो.
प्रिस्का आज्जीला उलट बोलते.
एकीनं नवऱ्याचंच नाव सांगितलं, आणि हसली,
आणि ते हसणं पुरं झालं नाही.
मास्तरांच्या वहीत वस्तू असतात:
मोजे, कंपास, बाहुली.
बाकीचं सगळं माझ्याकडं.

त्या साली धुकं रंकाळ्यावरून थेट गल्लीत आलेलं.
देवकुळ्यांची सालोमी, पाच वर्षांची,
पलंगाखाली गेली नाही.
पोत्याजवळ आली, वास घेतला.
"गुऱ्हाळात जातोस काय रं?"
मी कुंकू लावलेली जीभ काढली. साखळी आपटली.
"पोरं कुठं नेतोस?"
"लांब."
"लांब म्हंजे? कागलच्या पल्याड?"
मग पाचट उपसलं तिनं, मूठ मूठ,
फरशीवर ढीग केला,
आत शिरून बसली.
"चल की."

आई हसत होती. मास्तर म्हणाले, "उचल, कोपऱ्यापर्यंत."
उचललं.
इतकी वर्षं पाचटानं मला फसवलं होतं.
पोराचं वजन एका जागी बसत नाही.
ते पाठीत गुडघे रुतवतं,
कूस बदलतं, मानेपाशी
गोणपाटातून ऊन ऊन श्वास सोडतं.

कोपरा आला. पिठाची गिरणी बंद.
पुढं कुठं न्यायचं ते बाईनं सांगितलंच नव्हतं,
की सांगितलं होतं, आणि माझीच हिंदी कमी पडली?
मी उभा. वहाण गप्प.
पोत्यातून आवाज:
"आलं का?"
"न्हाई अजून."
"मग थांबलास का?"

मास्तर आता नाहीत.
नवा सांता मोटारसायकलवरून येतो,
पोरं माझ्या शिंगांना धरून फोटो काढतात.
(शिंगं नंतर आली, ऑनलाइन.)
पोत्यात मी काही भरत नाही. रिकामंच नेतो.
फक्त गिरणीपाशी पोचलो की
उजवा खांदा जरा खाली करतो,
कुणाला उतरायचं असलं तर.